पानाखालची सावली

त्या घराच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर प्रभा जी थांबली, ती हलायलाच तयार होईना. मागून माणसं येत होती, रांग तुंबली होती आणि ही भिंतीवर टांगलेली तांब्याची पातेली बघत उभी.

"अहो, एवढी घासत कोण असेल?"

"असतील गडीमाणसं. चल पुढं."

"चिंच लागत असणार. इकडं चिंच मिळते का?"

मी कपाळावर हात मारला. मोनेचं घर होतं ते. क्लोद मोने, फ्रेंच चित्रकार. पस्तीस वर्षं मी बार्शीच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि पस्तीस वर्षं पोरांना या माणसाच्या बागेबद्दल सांगत आलो. माझ्याकडं त्याच्यावरचं एकच पुस्तक होतं, तेही जुन्या बाजारातलं, आणि त्यातली सगळी चित्रं काळी-पांढरी. रंग मी तोंडी सांगायचो. "इथं जांभळा आहे असं समजा. पोरांनो, लक्षात ठेवा, उन्हातली सावली कधीच काळी नसते." पोरं मान डोलवायची. अशा माणसाच्या घरात आयुष्यात एकदा पाय ठेवायला मिळाला, आणि माझी बायको चिंचेची चौकशी करत होती.

"आई, बघ तू निवांत," वैजू म्हणाली. "आपल्याला कुठं घाई आहे?"

वैजयंती आमची एकुलती एक मुलगी. पॅरिसला नोकरीला होती. २००९ सालच्या जूनमध्ये तिनं आम्हा दोघांना तिकिटं पाठवली. मला वाटलं, बापाची हौस पुरी करतेय पोरगी. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना मी तसं सांगूनही आलो होतो. एकानं तर माझा सत्कारही केला, नारळ देऊन.

प्रभाला तेव्हा दोन वर्षं झाली होती कंपवाताला. उजवा हात थरथरायचा. चहाचा कप आम्ही अर्धाच भरायचो. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दिवाळीपर्यंत या हातात पेनसुद्धा धरवेल की नाही, सांगता येत नाही. तिला सांगू नका म्हणाले. तिला ते माझ्या आधी कळलं होतं. हात तिचाच होता.

त्या दिवशी सकाळी आगगाडीत तिनं पिशवीतून एक डबी काढली. जलरंगांची, नवी कोरी. सोबत एक ब्रश आणि चित्रकलेचा जाड कागद, एकच, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"मला एक चित्र काढायचंय तिथं बसून," ती म्हणाली. "एकच."

मी हसलो. पस्तीस वर्षं घरात रंगांच्या बाटल्या लवंडत होत्या, तेव्हा या बाईनं फडक्यानं फरशी पुसण्यापलीकडं रंगाला हात लावला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. आणि आता हात असा झाल्यावर हिला चित्र सुचलं. मी म्हणालो, "वरातीमागून घोडं."

ती पण हसली. वैजू हसली नाही. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अण्णा, एक शब्द द्या. आई काढत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही. हे असं, ते तसं, काही नाही."

"मी कशाला बोलतोय? तोंड उघडणार नाही."

"नक्की?"

"अगं दिला शब्द."

हे मला आजही स्पष्ट आठवतं, कारण तो शब्द मी जवळपास पाळला.

घर बघून झालं. जेवणाची पिवळीजर्दक खोली मी डोळे भरून बघितली. जिन्यातल्या, माडीवरच्या, मोनेनं जमवलेल्या जपानी चित्रांपुढं उभा राहून मी मायलेकींना लांबलचक व्याख्यान दिलं, दोघींनी ते ऐकून घेतलं. मग बाग. फुलांच्या वाफ्यांमधून चालत आम्ही खाली आलो, रस्त्याखालच्या छोट्या बोगद्यातून पलीकडं निघालो आणि तळं दिसलं.

जे मी पस्तीस वर्षं काळ्या-पांढऱ्यात दाखवलं होतं ते समोर हिरवं होऊन पडलं होतं. पूल होता, पुलावर वेल होती, पाण्यात झुकलेली विलोची झाडं होती, आणि पाण्यावर कमळाची गोल पानं, मध्येच एखादं फूल. आकाश वर होतं आणि खालीही होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते वैजूला दिसू नये म्हणून चष्मा पुसायला घेतला.

प्रभानं बाक शोधला. ऊन पाठीवर येईल असा, वाटेतनं बाजूला. वैजूनं बाटलीतलं पाणी झाकणात ओतून दिलं आणि कोपर टेकायला पिशवीची उशी करून दिली. प्रभानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि ब्रश उचलला.

आधी तिनं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला रेघा मारायला लागली. फिकी हिरवी, मग जरा दाट, मग पिवळी. मी जरा वेळ बघितलं. शेवटी राहवेना.

"मागे कसली रंगपंचमी चाललीय?"

"पाणी किती लागतं ते बघतेय."

"आणि लाल कशाला घेतलास? तळ्यात लाल काय आहे?"

"अण्णा," वैजू म्हणाली.

मी गप्प बसलो. त्यानंतर खरंच एक अक्षर बोललो नाही. प्रभानं कागद सुलटा केला आणि सुरुवात केली. तासभर ती काढत होती. माणसं येत-जात होती, फोटो काढत होती. एक गोरी म्हातारी थांबून बघून गेली, जाताना तिनं प्रभाच्या खांद्याला हात लावला. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होतो. प्रभाची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला तशी बघितली नव्हती. चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

मग तिनं ब्रश खाली ठेवला. हात फार थरथरायला लागला होता.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली. "जरा जाऊन येते. हे धरा, वाळू दे. वारं लागलं तर उडेल."

वैजू तिला घेऊन बाथरूमकडं गेली. ते लांब होतं, पुन्हा बोगद्यातनं जायचं. पुठ्ठा माझ्या मांडीवर आला.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आमच्यात 'हात फिरवणं' म्हणतात. पोरगं चित्र काढतं, सर मागून येतात, त्याच्या हातातला ब्रश काढून घेतात आणि दोन-चार फटकारे मारतात. चित्र उभं राहतं. स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक चित्रावर मी हात फिरवलेला असायचा. सगळेच फिरवतात. शाळेत म्हणच होती, सुरवसे सरांचा हात फिरला की चित्र पास. किती बक्षिसं आली शाळेला. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर मी चित्र बघितलं. पूल एका बाजूला कलला होता. विलोच्या फांद्या थरथरत खाली आल्या होत्या, एकेका रेघेला दहा-दहा कंगोरे. आणि पानं. पानांना कडा धड नव्हत्या, पण ते चाललं असतं. पानांखाली सावलीच नव्हती. त्यामुळं ती पाण्यावर बसली नव्हती, नुसतीच कागदावर कुठंतरी होती. अगदी साधी चूक. आठवीतल्या पोराला मी सांगतो ती.

ब्रश ओला होता. मी म्हटलं, या एका पानाखाली बारीकशी सावली दिली तर काय होतंय. काळपट निळा घेतला आणि दिली. पान पाण्यावर बसलं. पण एकाला सावली दिली की शेजारच्याला द्यावी लागते, नाहीतर ते उघडं पडतं. मग सगळ्यांनाच दिली. पानं बसल्यावर पूल जास्तच कललेला वाटायला लागला, म्हणून तो सरळ केला. फांद्यांच्या रेघा पाण्यानं मऊ करून मिळवून टाकल्या. एक फूल कडेला हवं होतं, ते ठेवलं. दहा मिनिटांचं काम. मी पुठ्ठा हातभर लांब धरून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघून खूश होईल.

मी बोलणार नाही असा शब्द दिला होता. बोललो नव्हतोच.

त्या दोघी आल्या. प्रभानं पुठ्ठा घेतला. बराच वेळ बघितलं.

"पानं बसली की पाण्यावर," ती म्हणाली.

"बसली ना?"

"बसली."

वैजू तिच्या खांद्यावरून बघत होती. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "अण्णा," ती म्हणाली.

"थोडं राहिलं होतं म्हणालीस," मी प्रभाला विचारलं.

"आता काही राहिलं नाही," ती म्हणाली आणि रंगांची डबी बंद केली. "चला. ते म्युझियम बघायचं राहिलंय ना तुमचं."

संग्रहालय त्याच रस्त्यावर, चार-पाच मिनिटं चालून. वाटेत प्रभा मागं पडत होती. मला वाटलं, दमली.

आत गारवा होता. मोनेच्या बरोबरीच्या चित्रकारांची चित्रं होती, त्याचीही काही होती. मी एकेका चित्रापुढं उभा राहून समजावून सांगायला लागलो. प्रभा ऐकत नव्हती. ती एका चित्राजवळ जाऊन उभी राहिली होती. तोच पूल, पण ओळखू येत नव्हता. तपकिरी, लाल, पिवळ्या रंगांचा नुसता गुंता, रेघा एकमेकींत घुसलेल्या.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"त्याच्या म्हातारपणीचं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. रंग नीट दिसायचे नाहीत तेव्हा."

"मग हे असं काढलं?"

"दिसलं तसं काढलं."

"आणि असंच ठेवलं?"

"असंच."

ती अजून जवळ गेली. तिथला पहारेकरी पुढं सरकला तशी ती एक पाऊल मागे आली. तिचा उजवा हात पदराखाली होता. पदर हलत होता.

"नशीबवान होता," ती म्हणाली. "त्याच्या घरात मास्तर नव्हता."

मी हसलो. मला ती थट्टाच वाटली. आमच्या घरात माझी अशी थट्टा रोज चालायची. वैजू तोंड फिरवून दुसऱ्या दालनात निघून गेली.

बाहेर आल्यावर आम्ही तिथल्या हिरवळीजवळ बसलो. वैजूनं कॉफी आणली. प्रभानं तिचा अर्धा कप दोन्ही हातांनी धरून प्यायला, मग पिशवीतून पुठ्ठा काढून माझ्यापुढं धरला.

"सही करा," ती म्हणाली.

"मी? चित्र तुझं आहे."

"पुरं करणाऱ्यानं सही करायची असते. तुम्हीच सांगता ना पोरांना, सही केल्याशिवाय चित्र पुरं होत नाही म्हणून."

"आई, राहू दे," वैजू म्हणाली.

"अगं, करू दे त्यांना. वैजू, पेन्सिल दे."

आता सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. मला वाटलं बायको मान देतेय. मी उजव्या कोपऱ्यात, खाली, टोकदार अक्षरांत सही केली. द. सुरवसे, जून २००९. प्रभानं कागदावर हळूच फुंकर घातली, पेन्सिलीची पूड उडावी म्हणून. मग तो दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून मला दिला. "तुमच्या बॅगेत ठेवा," म्हणाली. परतीच्या गाडीत तिनं रंगांची डबी वैजूला देऊन टाकली. सामानात उगीच ओझं नको म्हणाली.

रात्रीची जेवणं झाल्यावर प्रभा लवकर झोपली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर वैजू ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"तुझं काय बिनसलंय सकाळपासनं?" मी विचारलं.

ती वळली. "अण्णा, ती तिकिटं तुमच्यासाठी नव्हती."

"म्हणजे?"

"आईनं मागितली होती. जानेवारीत फोन केला तिनं मला, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा. आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेली तेवढी एकच गोष्ट. म्हणाली, हातात जीव आहे तोवर मला एक चित्र काढू दे. पहिल्यापासनं शेवटपर्यंत माझं. घरात नको म्हणाली. घरात काढलं तर हे हात फिरवतील."

मी पेला खाली ठेवला.

"लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं जास्वंदीचं फूल काढलं होतं म्हणे, तुमच्या वहीच्या मागच्या पानावर. तुम्हाला दाखवलं. तुम्ही खोडरबर मागितलंत."

मी आठवून बघितलं. मला काहीच आठवेना. खोडरबर मी आयुष्यात हजार वेळा मागितलं असेल.

"मग मला कशाला आणलंत?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "दोघीच जायचं होतं."

"मी तेच म्हटलं तिला. आपण दोघीच जाऊ. ती म्हणाली, त्यांना सोडून कशी जाऊ? जन्मभर त्यांनी ज्या तळ्याचं नाव घेतलं, ते मी एकटीनं बघून येऊ होय?"

वैजू रडायला लागली. मी तिच्याजवळ गेलो नाही.

प्रभाशी मी बोलणार होतो. विमानात बोलू म्हटलं, तिथं ती झोपली. घरी गेल्यावर बोलू म्हटलं, घरी पाहुणे येत राहिले, प्रवासाच्या गोष्टी ऐकायला. त्या तीच सांगायची. तांब्याची पातेली, पिवळी खोली. चित्राबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "यांनी काढलंय, दाखवा की हो." आणि मी दाखवायचो.

दसऱ्याला तिला दारात रांगोळी काढता आली नाही. त्या दिवशी दुपारी मी नवे रंग आणि कागद आणून तिच्यापुढं ठेवले.

"काढ काहीतरी," मी म्हणालो. "मी बाहेर जातो. संध्याकाळपर्यंत येत नाही."

ती रंगांकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"आता कशानं काढू?" ती म्हणाली. "असू द्या. तुम्ही कशाला उन्हातान्हाचं बाहेर जाताय?"

माझं चुकलं, हे दोन शब्द मी तेव्हाही बोललो नाही. पुढं सव्वातीन वर्षं मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली. माझे हात तिच्यासाठी दिवसभर चालायचे. तोंड मात्र उघडलं नाही. २०१३ च्या पौषात ती गेली.

वर्षश्राद्धाला वैजू आली. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "अण्णा, आईच्या हातचं काहीतरी द्या मला. नेते माझ्याबरोबर."

आम्ही दोघं शोधायला लागलो. बाईच्या हातचं काय राहतं? रांगोळ्या दुसऱ्या दिवशी झाडल्या गेल्या होत्या. लोणची संपली होती. पत्रं तिनं कधी लिहिली नव्हती, खाली 'प्रभाचा नमस्कार' एवढं मीच लिहायचो. दोन स्वेटर होते, ते कसरीनं खाल्ले होते. शेवटी मी कपाटातून ते वर्तमानपत्र काढलं.

चित्र टेबलावर ठेवलं. यात तिचं काय आहे ते शोधायला लागलो. भिंग घेतलं. सावल्या माझ्या. पूल माझा. फांद्या तिच्या होत्या, पण त्या मी पाण्यानं मिळवून टाकल्या होत्या. जिथं जिथं तिचा हात थरथरला होता तिथं तिथं मी पोचलो होतो. एक पान, एक रेघ सोडली नव्हती मी. पस्तीस वर्षांची सवय, काम चोख होतं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडलो. वैजू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिनंच मग कागद उचलला, वर्तमानपत्रात परत ठेवायला. उचलताना तो उलटा झाला.

"अण्णा, हे काय?"

मागच्या बाजूला हिरव्या रेघा होत्या. पहिली पाणचट, दुसरी जरा दाट, तिसरी दाट. सगळ्या थरथरत्या. पिवळ्याचे ठिपके. आणि खाली कोपऱ्यात, रुपयाएवढं, लाल. पाच पाकळ्या, मधून निघालेला तुरा, तुऱ्याच्या टोकाला पिवळे बारीक ठिपके. त्या तळ्यात कुठंही जास्वंद नव्हती.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. फ्रेमवाला उमाकांत बारबोले माझाच विद्यार्थी, आठवीत असताना त्याला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्यानं कागद हातात घेतला, माझी सही बघितली आणि कौतुकानं मान हलवली.

"उलटा कर," मी म्हणालो. "ती बाजू लावायची."

"सर, ही मागची बाजू आहे."

"तीच लावायची."

"मग तुमची सही आत जाईल."

"जाऊ दे."

त्यानं वैजूकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं मग कागद पुठ्ठ्यावर बसवला, काच पुसली, आणि काच वर धरून थांबला.

"सर, ही एक पाकळी तोकडी राहिलीय," तो म्हणाला. "काच लावायच्या आधी जरा हात फिरवता का?"

त्यानं ब्रश पुढं केला. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि घट्ट बांधले, शिक्षा झालेली पोरं बांधतात तसे.

"लाव काच," मी म्हणालो.